पेंढेवाल्याचं टेबल

"सूनबाई, त्या जुन्या टेबलाला रंधा लावू देऊ नका. आहे तसं पडू द्या."

मामंजी एवढंच म्हणाले होते, तेही पायात चपला सरकवत, दाराकडे तोंड करून. मी "बरं" म्हटलं. मोठ्यांनी काही सांगितलं की आपण ऐकता ऐकता जे म्हणून टाकतो, तसलं 'बरं'. मनात म्हटलं, वडिलांचं टेबल आहे, म्हाताऱ्या माणसाचा जीव लाकडात अडकतो, दुसरं काय! आणि ते गेल्यावर तासाभरात मी ते टेबल सुतारदादांच्या हवाली केलं. त्या दुपारी एका भल्या माणसाच्या अंगात काय गेलं आणि त्यातलं किती उरलं, हे मला अजून ठाऊक नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. मेलेले प्राणी-पक्षी ते पुन्हा जिवंत वाटतील असे उभे करतात. लोक याला पेंढा भरणं म्हणतात. समोरच्या काकू तर मला दर आठ-पंधरा दिवसांनी सांगतात, "तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, आमच्या ह्यांच्यातही भरा थोडा. नाहीतरी सोफ्यावरून हलत नाहीतच." पण मामंजींसमोर तो शब्द काढायची सोय नाही. "पेंढा गादीत भरतात," ते म्हणतात. ते आधी प्राण्याचं अंग मापतात, मग लाकडाच्या किसाला सुतळी गुंडाळत गुंडाळत हुबेहूब तसंच अंग घडवतात आणि त्यावर कातडं चढवतात, सदरा चढवावा तसं. "सदरा कितीही चांगला असला, तरी आत माणूस नको का?"

पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि वर आम्ही. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली. आमचे हे नोकरीसाठी बाहेरगावी असतात, सुट्टीला येतात. राहता राहिले मामंजी, मी आणि दीड वर्षाची ठकी. ठकी झाल्यापासून माझं निम्मं आयुष्य वस्तू उकळण्यात गेलं आहे. चमचा, वाटी, खुळखुळा, एकदा तर चुकून माझा चष्मा. मी रसायनशास्त्राची पदवीधर. जंतू, धूळ, रंग, काय काय पोटात जाऊ शकतं याची यादी माझ्या डोक्यात चोवीस तास चालू असते.

एके सकाळी दुकानात अंधशाळेतल्या बाई आल्या. त्यांनी आधी काउंटरवरच्या घुबडाला विचारून हात लावला. म्हणजे विचारलं मामंजींना, पण बघत होत्या घुबडाकडे.

"आमच्या मुलींना कोंबडा माहीत आहे तो आवाजाने," बाई म्हणाल्या. "एकीला वाटतं तो घोड्याएवढा असतो. एवढा मोठा आवाज म्हटल्यावर तेवढा असणारच ना! आम्हाला पाच प्राणी हवेत. कोंबडा, बदक, ससा, मांजर आणि शेळीचं करडू. कपाटात ठेवायला नकोत. मुली रोज हात लावणार, कुशीत घेणार, वास घेणार. लहान आहेत, चाटूनही बघतील."

जनावरांच्या दवाखान्यात मेलेले प्राणी मिळायची व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. मामंजींनी एकदा टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "करीन. पण या टेबलावर करणार नाही."

मला वाटलं, टेबल डुगडुगतं म्हणून. ते होतंही तसंच. मामंजींच्या वडिलांच्या काळचं, जाड पायांचं, वर मेणकापड ठोकलेलं, सांध्यासांध्यांत पांढुरकी पूड धरलेलं. दवाखान्यात असतं तसं स्टीलचं टेबल केवढ्याला पडेल हे मामंजींनी दुकानात फोन करून विचारलं आणि रिसीव्हर इतक्या हळुवार खाली ठेवला, जणू तोही त्याच महागड्या दुकानातला असावा. संध्याकाळी मला म्हणाले, "बाईंना नाही म्हणून कळवून टाकू."

"मामंजी, नाही कशाला? स्वस्तात होतंय का बघू ना आपण."

"बघा," ते म्हणाले. पण मी जिना चढताना वळून पाहिलं, तर ते हवेतच हात फिरवत होते. पाठीवरून, मानेवरून, तुऱ्यापर्यंत. कोंबडा त्यांच्या बोटांत तयार होता.

सुतार मला काकूंनी सुचवला. गल्लीत त्यांना 'डोळेमिटे' म्हणत, कारण लाकूड हातात आलं की ते आधी डोळे मिटून घ्यायचे आणि बोटं फिरवायचे. पन्नाशीचे, काटकुळे, डाव्या कानावर पेन्सिल, आणि खुर्ची दिली तरी बादली पालथी घालून तिच्यावर बसणारे. "सुताराने दुसऱ्याच्या खुर्चीवर बसू नये ताई, लक्ष सगळं तिच्या सांध्यांत जातं."

पहिल्या दिवशी त्यांनी एकही हत्यार आणलं नाही. बादलीवर बसून दोन तास मामंजींचं काम बघितलं. मामंजी एका पोपटाच्या पापणीत टाके घालत होते. मी वरून तीनदा डोकावले. मला वाटलं, हा माणूस चहाच्या आशेने बसलाय.

मग ते म्हणाले, "मामा, तुम्ही उजवीकडून वळून येता तेव्हा भिंतीला हात टेकता."

"गुडघा," मामंजी म्हणाले.

"एका पापणीसाठी तुम्ही टेबलाला अकरा चकरा मारल्या. टेबलाने फिरायला पाहिजे, तुम्ही कशाला फिरता?"

मामंजींनी सुई थांबवली.

"आणि डोळा दोनदा खाली पडला. काचेचा. म्हणजे कडेला बोटभर उंच पट्टी हवी. आणि हात पुसता ते दर वेळी इथेच, डाव्या मांडीवर. तिथे फडक्याला खुंटी देतो."

"तुम्ही सुतार की पोलीस?" मामंजींनी विचारलं.

"पोलीस विचारतो, मामा. मी नुसता बघतो."

माप घेण्याची त्यांची तऱ्हा तर मी कधीच विसरणार नाही. मी टेप आणून दिली तर म्हणाले, "आता नको. माप घेतो म्हटलं की माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ होतो. त्या मापाचं टेबल केलं तर ते फोटो काढण्यापुरतंच बरं." मामंजी पुन्हा कामात बुडेपर्यंत ते थांबले. मग मांजराच्या पावलांनी मागे गेले, एक काठी जमिनीवर उभी धरली आणि वाकलेल्या मामंजींच्या कोपराजवळ तिच्यावर पेन्सिलची रेघ मारली. मामंजींना पत्ताही नाही! ती रेघ जुन्या टेबलाच्या उंचीपेक्षा चांगली चार बोटं खाली आली. इतकी वर्षं हा माणूस खांदे उचलून काम करत होता आणि घरातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. मी दिवसभर ठकीची मान कशी पडते ते बघणारी बाई. मलाही दिसलं नव्हतं.

सामान त्यांनी असं जमवलं, की आपण भाजीसुद्धा तशी निवडत नाही. वरच्या फळीसाठी एका नव्या इमारतीतून नाकारलेलं दार, ज्याच्या कडीचं भोक चुकीच्या बाजूला पडलं होतं. त्यावर बंद पडलेल्या हॉटेलच्या काउंटरचा स्टीलचा पत्रा. फिरत्या चकतीसाठी सायकलच्या पुढच्या चाकाचा हब.

"पाय तेवढे राहिले," ते म्हणाले. "चांगले जाड हवेत. तेवढं लाकूड विकत घ्यायचं म्हटलं तर तुमचं स्वस्त टेबल मेलंच म्हणा."

मी जुन्या टेबलाकडे बोट दाखवलं. मीच दाखवलं.

त्याच दिवशी मामंजी एक जुनं बदक घेऊन अंधशाळेत निघाले होते. ते बदक त्यांनी दुकानातल्या टेबलावर नव्हे, मागे स्वयंपाकघरात बसून, कुणाला भेट देण्यासाठी म्हणून केलेलं होतं. मुलींचे हात कुठून कुठे फिरतात हे त्यांना बघायचं होतं. जाताना ते मला काय म्हणाले हे वर लिहिलंच आहे.

सुतारदादांनी टेबल मागच्या अंगणात ओढलं, मेणकापड काढलं आणि सवयीप्रमाणे डोळे मिटून पायावरून हात फिरवला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, याला काही लावलंय का? लाकूड बोटांना धड वाटत नाही. भुकटी सुटतेय."

"मीठबीठ असेल," रसायनशास्त्राची पदवीधर म्हणाली. "कातड्यांना लावतात ना."

"मामांना विचारलंय?"

"हो."

बोलणं झालं होतंच की. उत्तर निराळं मिळालं होतं, एवढंच.

रंधा सुरू झाला तशी मी वर गेले. ठकी झोपली होती. तिच्या नाकात धूळ नको म्हणून मी अंगणाकडच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या, फटीत ओला पंचा कोंबला. तिच्यापुरतं मला सगळं सुचलं होतं.

दोन पाय रंधून झाले आणि मामंजी परतले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो बंद खिडक्यांतून वर आला.

"रंधा खाली! श्वास घेऊ नका! बाहेर या आधी!"

मी धावत जिना उतरले, तर त्यांनी हात आडवा धरला. "तिथेच थांबा. ठकी कुठंय?"

"वर. झोपलीय. खिडक्या बंद आहेत."

त्यांनी डोळे मिटले, क्षणभरच. मग स्वतः तोंडाला ओलं फडकं बांधून ते कामाला लागले. सुतारदादांना नळाखाली उभं करून डोक्यापासून पायापर्यंत धुवायला लावलं, चूळ भरायला लावली, त्यांचे कपडे पिशवीत घालून तोंड बांधलं, त्यांना स्वतःचा सदरा-लेंगा दिला. अंगणातली पूड झाडू दिली नाही. आधी पाणी शिंपडलं, मग ओल्या फडक्यांनी तसूतसू टिपून घेतली. दुखऱ्या गुडघ्यावर बसून. मी म्हटलं मी करते, तर म्हणाले, "तुम्हाला लेकरापाशी जायचंय अजून."

"मामा," सुतारदादा लेंग्याची नाडी आवळत म्हणाले, "आता तरी सांगा, काय प्रकार आहे. का माझ्यातच पेंढा भरायचा बेत होता?"

"सोमल," मामंजी म्हणाले.

सोमल म्हणजे आर्सेनिक. कॉलेजात त्याची बाटली आम्हाला लांबूनच दाखवायचे.

मामंजींच्या वडिलांच्या काळी कातड्याला आतून सोमलाचा साबण लावत. किडा म्हणून जवळ फिरकत नसे. चाळीस वर्षं तो साबण त्या टेबलावर खलला गेला, सांडला, लाकडात मुरला. वडील गेले तेव्हा त्यांच्या तळहातांची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. मामंजींनी कारभार हाती घेतला त्याच दिवशी साबण बंद केला आणि टाकणखारावर, म्हणजे बोरॅक्सवर, काम सुरू केलं. टेबलावर मेणकापड ठोकलं ते कायमचं.

"मग फेकून का नाही दिलंत ते?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कुठे फेकू? ज्याच्या दारात टाकीन तो ते जाळेल. चूल पेटवेल, धूर घरात जाईल. चांगलं लाकूड आहे, कोणी पाळणाही करील त्याचा." त्यांनी हातातलं ओलं फडकं पिशवीत टाकलं. "म्हटलं, आपल्याकडे राहू दे. मला ठाऊक आहे, एवढं पुरे. चुकलं माझं. ठाऊक एकट्याला असून भागत नाही, तोंड उघडावं लागतं."

तो माणूस इतकी वर्षं एक विष सांभाळत बसला होता, ते दुसऱ्या कुणाच्या घरात जाऊ नये म्हणून. आणि मी त्याला म्हाताऱ्याचा हट्ट समजले होते.

मी सुतारदादांकडे बघू शकत नव्हते. "तुम्ही मला विचारलं होतंत," मी म्हटलं. "मी खोटं 'हो' म्हटलं."

त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "माझ्या बोटांनीही मला सांगितलं होतं, ताई. मीही बोटांचं सोडून तुमचं ऐकलं. आता रडू नका, चहा टाका. उकळून टाका म्हणजे झालं, तुम्हाला सवय आहेच."

डॉक्टरांनी आमच्या चौघांची लघवी तपासायला घेतली. नमुने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाणार, बारा-पंधरा दिवस लागणार म्हणाले. जुनं टेबल प्लास्टिकमध्ये गुंडाळून, त्यावर लाल अक्षरांत लिहून पालिकेच्या घातक कचऱ्याच्या गाडीत गेलं. मामंजी गाडी वळेपर्यंत फाटकात उभे होते.

मला वाटलं, आता सुतार कसला येतोय! पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बादली पालथी पडल्याचा आवाज आला. "पायांचं काय ते बघू," म्हणत ते हजर. पाय शेवटी अंधशाळेनेच दिले. त्यांच्या अडगळीत मोडक्या बाकांचे लोखंडी सांगाडे पडले होते. बाईंनी दोन निवडून दिले, सुतारदादांनी ते पॉलिश कागदाने घासले, तेही ओले करून, तोंडाला फडकं बांधून, आणि मला बघून म्हणाले, "बघा, शिकलो." काठीवरच्या रेघेपर्यंत उंची यावी म्हणून खाली लाकडी ठोकळे बसवले. सगळं काम नऊ दिवस चाललं.

ते टेबल तुम्ही बघायला हवं होतं. कडेची पट्टी कुठे संपते आणि पत्रा कुठे सुरू होतो ते नखाला लागत नाही. दाराला जिथे कडीचं चुकीचं भोक होतं, तिथे त्यांनी पत्र्यालाही भोक पाडलं, खाली नळी जोडली, आणि सगळ्या फळीला तिकडे किंचित उतार दिला. पाणी ओतलं की ते आपोआप घरंगळत त्या भोकाशी जातं. "दुसऱ्याची चूक फुकट मिळाली होती," ते म्हणाले, "वापरून टाकली." मधली चकती बोटाच्या धक्क्याने फिरते आणि पाहिजे तिथे पायाने खिट्टी दाबली की थांबते.

"वजन पेलेल का?" मी विचारलं.

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. माझ्या कडेवरून ठकीला उचललं, चकतीवर बसवलं आणि फिरवलं. "अहो दादा! अहो पडेल ती!" ठकी मात्र खिदळत होती, दर फेरीला आजोबा दिसले की टाळ्या पिटत होती, आणि मामंजी दोन्ही हात पसरून टेबलाभोवती असे उभे होते, की पडली असती तरी हातातच पडली असती. सुतारदादा डोळे मिटून, एक बोट चकतीच्या कडेला लावून हबचा आवाज ऐकत होते. "पेलतंय," ते म्हणाले. "करडू हिच्यापेक्षा शांत बसेल."

त्याच संध्याकाळी ते गेले. कुठल्याशा गावात नव्या इमारतीच्या दारांचं काम लागलं होतं. गाव कुठलं ते मी विचारलं, तर "मुकादम नेईल तिकडे," म्हणाले. जाताना टेबलावरून एकदा हात फिरवला आणि मामंजींना म्हणाले, "खांदे खाली ठेवा, मामा. आता उचलायची गरज नाही."

मामंजींनी पहिला कोंबडा बसून केला. उंच स्टुलावर, खांदे सैल सोडून. मी त्यांना काम करताना तासन्तास बघत राहिले. एका बोटाने चकती फिरवायची, डोकं वाकडं करून बघायचं, तुऱ्याचा एक दात मिलीमीटरभर वाकवायचा. तयार झाल्यावर आम्ही तो शाळेत नेला. घोड्यावाली मुलगी सर्वांत पुढे होती. तिने चोचीपासून शेपटीपर्यंत दोन्ही हात फिरवले, पुन्हा फिरवले, आणि फार नाराज झाली.

"एवढाच? मग इतका ओरडतो कशाला?"

मामंजी हसले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. पण माझं निम्मं लक्ष पर्समधल्या फोनकडे होतं, कारण त्या दिवशी रिपोर्ट येणार होते.

आम्हा तिघांचे चांगले आले. सुतारदादांच्या रिपोर्टात आकडा असायला हवा त्यापेक्षा जास्त होता. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं दिसत नाही. एकदाच गेलेलं असेल तर बरंचसं अंगातून आपोआप बाहेर पडतं. पण पुन्हा एकदा तपासायलाच हवं. आणि बोटांना मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला, तळहात जाड व्हायला लागले, तर लगेच.

बोटांना, म्हणाले.

मी फोन लावला; नंबर बंद. त्यांच्या खोलीवर गेले. घरमालकीण म्हणाली, सामान घेऊन गेले, परत येतीलसं बोलले नाहीत. विचारत विचारत एका मुकादमाला शोधलं, तर तो दुसराच निघाला. चार महिने झाले. मामंजी रोज दुपारी विचारतात, "काही कळलं?" आणि मी मान हलवल्यावर टेबलाचा पत्रा पुसत राहतात, तो स्वच्छ असला तरी.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्याकडे, शेजारी, कुठल्या नव्या इमारतीत दारं बसवायचं काम चाललं असेल, तर जरा डोकावा. काटकुळे, पन्नाशीचे, डाव्या कानावर पेन्सिल, आणि लाकूड हातात आलं की डोळे मिटणारे. मिळाले तर सांगा की रिपोर्ट आला आहे आणि पुन्हा तपासणी करायची आहे. डॉक्टर तुमच्या गावातले चालतील, बरोबर मात्र तुम्ही जा, एकटे ते जाणार नाहीत. बोटांना मुंग्या येतात का, असं विचारलंत तर हसून "छे" म्हणतील. त्यावर जाऊ नका. त्यांना डोळे मिटायला सांगा, दाराच्या कडेवरून त्यांचं बोट फिरवा, आणि कुठे खरखरीत लागतंय ते विचारा. उत्तर यायला किती वेळ लागतो, तेवढं नीट बघा.